एक कोयता

लाईट गेली ते बरं झालं. मोबाईलची बॅटरी उतरली की मगच तुम्हाला तात्या आठवतो.

कृष्णराज, तू पुण्यात शिकतोस, भूत मानत नाहीस. नको मानू. मलाही आता वाद घालायचं त्राण राहिलेलं नाही. पण कोंडीराम खोटं बोलणारा माणूस नव्हे. येरमाळ्याच्या स्टँडवर जीप असते बघ त्याची, तोच. त्याच्यासोबत झालेलं सांगतो.

दोन वर्षांमागची येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आपल्याकडं गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही, सगळं गाव रानात. भज्जी खायची, आंबील प्यायची, वाटेनं जाणाऱ्यालाही ओढून पंगतीला बसवायचं. सांजेला तिथं रानातच कोंडीरामच्या सुनेला, राजेश्वरीला कळा सुरू झाल्या. त्यानं जीप काढली, तालुक्याच्या दवाखान्यात पोचवली. थंडी मरणाची. बायको तुळजाबाई म्हणाली, "बाळाला पांघराया काय न्हाय. घरी जाऊन वाकळ घिऊन या."

पहाटेपासून जागा माणूस. डोळे चुरचुरत होते, कंबर धरली होती. पण घरात पहिलंच नातवंड यायचं होतं. गेला.

वाकळ घेऊन परत निघाला तेव्हा अकरा वाजून गेले होते. ओढ्याचा पूल ओलांडला की डाव्या हाताला ऊस, आणि ऊस संपतो तिथं टोळीच्या कोप्या. बीडकडून ऊस तोडायला आलेली माणसं. पाचटाच्या झोपड्यांत पाच महिने राहतात, तरी आपण त्यांना गावात धरत नाही. पोटुशा बायांना गोळ्या-इंजेक्शन द्यायला दवाखान्याची बाई घरोघर फिरते, पण आपल्या घरोघर. कोप्यातल्यांची नावं त्यांच्या गावाकडं. आणि तिकडं विचारलं तर म्हणतात, ती तर उसाला गेली. दोन घरचा पाहुणा उपाशी. आपल्या सुनेला गोळी, त्यांच्या बाईला मोळी. नववा लागला तरी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढायचं. हसू नकोस रणधीर, मला या गोष्टीचा अजून राग येतो.

तर पुलापाशी एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, साडीवरनं नवऱ्याचा शर्ट, तोडणीच्या बाया घालतात तसा. तिनं हात केला. कोंडीरामनं गाडी थांबवली.

"दवाखान्याकडं चाललाव का, मालक?"

"व्हय. किती जण हाव?"

"एक कोयता."

आता टोळीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस असलं तर अर्धा कोयता. मुकादम माणसं अशीच मोजतो. कोंडीरामला ते ठाऊक. बाई मागं बसली, आणि हा तिच्या नवऱ्याची वाट बघत राहिला. हॉर्न दिला. कोणी नाही. पुन्हा दिला. कोप्या अंधारात निजलेल्या.

"धनी कुठाय तुजा?"

बाईनं पदर पुढं ओढला.

"माय, माजी सून अडलीय तिकडं. हाक मार त्याला बिगी."

"चला तुमी."

"एक कोयता म्हनलीस नव्हं?"

"हावोत की... दोगं."

त्यानं आरशात बघितलं. बाईनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते. दिवस भरलेले. त्याला हायसं वाटलं. बिचारी कळांनी घायकुतीला आली असेल, असं समजून त्यानं वाकळ मागं दिली, "घे, पांघर," म्हणाला, आणि गाडी सोडली.

रस्ता तुम्हाला माहीतच आहे, नुसते खड्डे. सांजेला प्रत्येक खड्ड्याला राजेश्वरी कण्हत होती. ही कण्हेना. खड्डा आला... आवाज नाही. पुढचा आला... नाही.

"दुखतंय का, माय?"

अजून एक खड्डा गेला.

"इंजेक्शन तरी घेतलं व्हतं का कदी?"

मग अगदी कानापाशी...

"कोन देनार?"

मागच्या सीटवरून माणसाचं तोंड कानापाशी येत नाही. कोंडीरामनं मान वळवली नाही. आरशात बघितलं नाही. चालवत राहिला. दवाखान्याचा दिवा दिसला, तेव्हा कुठं श्वास सोडला.

उतरून मागं बघितलं. कोणी नव्हतं. वाकळ... घडी घातलेली.

आत गेला तर नात झाली होती. राजेश्वरी धडधाकट. सिस्टरनं बाळाच्या मांडीला सुई दिली, वर कापसाचा बोळा दाबला. कोंडीरामनं विचारलं, "माज्यासंगं एक बाई आली, ती..." सिस्टर म्हणाली, "तुमच्या सुनेनंतर कुणीच आलं नाही, काका. दमलात तुम्ही, बसा." दमला होताच. बाकावरच त्याचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जाताना तो कोप्यांपाशी थांबला. एक गडी एकटाच भाकरी थापत होता. काल रात्री इथली कोण बाई दवाखान्यात निघाली होती, असं कोंडीरामनं विचारलं. गड्यानं पिठातनं हात काढला.

"आमच्यात पोटुशी कुनी न्हाय जी. गेल्या साली व्हती. माजी."

कोंडीराम त्याच्यासमोर टेकला.

"ह्याच येळवसाला कळा आल्या. म्या गाडी मागाया गावात आलो, येक घर उघडं न्हवतं. रानात गेलो. म्हनलं, बाई अडलीय. त्ये म्हनले, गाडी दिऊ, पर आज उपाशी जाता येत न्हाय, आदी दोन घास खा." त्यानं चुलीत पाचट सारलं. "बसलो जी. परक्या गावात न्हाय कसं म्हनायचं? माघारी आलो तवर..."

त्यानं ओढ्याकडं बोट केलं. "दोगं येकातच हायेत. यंदा म्या अर्धाच कोयता."

कोंडीराम ओढ्याकाठी गेला. मातीचा उंचवटा होता. वर गवत, उशाला एक दगड. वर्षभरात कोणी हात लावलेला नव्हता.

दगडावर कापसाचे दोन बोळे होते. स्पिरिटचा वास येत होता. दोन्हींवर रक्ताचा एकेक ठिपका... ओला.

एक बोळा अंगठ्याएवढा.

दुसरा... हरभऱ्याच्या दाण्याएवढा.