काइनसाहेबाचा हौद

"घास, अजून घास! अक्षरं दिसायलीत!" भक्ती ओरडली.

"तूच घास की! ताईगिरी करायला लय पुढं!" जीवनने हातातला काथ्या आपटला, आणि मग पुन्हा घासायला लागला.

पूर्णेच्या रस्त्यावर, गावाच्या तोंडाशीच हा दगडी हौद. रेल्वे आली तेव्हापासूनचा. ऊस तोडून परतणाऱ्या बैलगाड्या दर उन्हाळ्यात पाण्यासाठी इथेच थांबायच्या. यंदा मात्र ढाबेवाल्या दिनकररावांनी हौदाला जाळी ठोकली आणि वर कुलूप! त्यांच्या मैत्रिणीचा, राणीचा बाप आश्रुबा आजच ऊसतोडीवरून परतला होता; त्याचे बैल सकाळपासून लिंबाखाली जिभा काढून उभे होते.

दगडावरच्या शेवाळातून ओळीच्या शेवटचा एकच शब्द दिसत होता, तोही इंग्रजी. काइन. "काइनसाहेबाचं नाव हाय ते! साहेबानं हौद माझ्या आज्याला दिला," असं दिनकरराव छाती फुगवून सांगत. गावातल्या मोठ्यांनी ते ऐकून घेतलं. मोठी माणसं अशीच! इंग्रजी दिसलं की माना खाली.

राणी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "नाव असं शेवटी लिवतेत का? आधी काय लिवलंय ते बघा!" तिनेच काथ्या आणि वाळू आणली होती.

शेवाळ निघालं. 'फॉर वेफेअरर्स अँड देअर काइन.'

भक्तीने घरातला जाडजूड शब्दकोश मांडीवर उघडला. "वेफेअरर, वाटसरू. आता काइन... सापडलं! 'अप्रचलित' असं लिहिलंय. म्हणजे जुना शब्द, आता कुणी वापरत नाही."

"अगं, पण अर्थ?"

"गाईगुरं!"

तिघंही पोट धरून हसली. जीवन गावाला सांगायला पळत सुटणार, तोच राणीने त्याची कॉलर धरली. "थांब! आधी दिनकरकाकांना बोलू दे. पोटभर!"

ऊन कलल्यावर, पोरांच्या निरोपावरून सरपंच पार्वतीबाई हौदापाशी आल्या. मागोमाग दिनकरराव आणि सगळा गाव. जीवनने भोळा चेहरा केला. "दिनकरकाका, काइनसाहेब दिसायला कसे होते?"

"गोरेपान! या एवढ्या मिशा! माझ्या आज्याच्या हातचा चहा लागायचा त्यांना."

"हौद त्यांचाच ना?"

"त्यांचाच! दुसऱ्या कुणाचा हक्क न्हाई."

"मग तसं लिहून द्या की," भक्ती म्हणाली.

दिनकररावांनी ऐटीत 'हौद काइनसाहेबाचाच' असं लिहिलं, खाली झोकदार सही ठोकली. तेवढ्यात राणी दोन्ही बैल घेऊन थेट जाळीपाशी आली.

"काका, हे बघा तुमचे काइनसाहेब! चहा नको, पाणीच द्या!"

भक्तीने शब्दकोश पार्वतीबाईंच्या हातात दिला. त्यांनी दगड वाचला, अर्थ वाचला, सहीचा कागद वाचला. गाव हसायला लागला.

"पोरांचं काय ऐकता!" दिनकरराव लालबुंद झाले. "जुना शब्द हाय, आता चालत न्हाई!"

"शब्द जुना झालाय काका, तहान न्हाई!" राणी गरजली. "उघडा कुलूप!"

"चावी," पार्वतीबाई म्हणाल्या. एवढंच.

जाळी उघडली. बैलांनी नाकापर्यंत तोंडं पाण्यात घातली. आश्रुबा त्यांच्या पाठीवर थापा मारता मारता डोळे पुसत राहिला.

"शाब्बास रे पोरांनो!" पार्वतीबाई म्हणाल्या. "आम्ही वाचायचं ते तुम्ही वाचलंत. आता खाली मराठीत लिहा."

"पेंटर बोलवू का?" दिनकररावांनी हळूच विचारलं.

"कशाला?" राणीने चुना कालवला. ऊसतोडीपायी सहा महिने तिची शाळा बुडाली होती. तरी जीभ दाताखाली धरून तिने लिहिलं: 'वाटसरूंसाठी आणि त्यांच्या गुरांसाठी.'

"ओळ वाकडी आली की!" कुणीतरी कुजबुजलं.

पार्वतीबाई गर्रकन वळल्या. "येऊ दे! सरळ ओळीत लिहिणाऱ्यांनी इतकी वर्षं काय दिवे लावले?"