अर्धविरामाच्या पुढे

दिवा जरा जवळ घ्या, माझं तोंड दिसलं तरच तुम्हाला पटेल की आज मी थट्टा करत नाही.

परवा दुपारी वहिनी माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एक कॅसेट घेऊन आली. मी सवयीनं म्हटलं, गाणी भरायची असतील तर म्हाताऱ्यांना सवलत नाही. ती हसली नाही. दादा जाऊन आठ महिने झालेत.

तरुणपणी दादा टीव्हीला जोडायच्या छोट्या कॉम्प्युटरवर असेंब्लीत प्रोग्राम लिहायचा नि कॅसेटवर भरून ठेवायचा. असेंब्ली म्हणजे यंत्राशी तुटक तुटक बोलणं. मी सातवी नापास, मला तेवढंच झेपलं. त्यानं दोन अवजारं केली होती, म्हणजे प्रोग्रामच. एक त्या तुटक शब्दांचे आकडे करायचं, दुसरं आकड्यांचे पुन्हा शब्द. शेअरवेअर होती ती: फुकट घ्या, पुढे वाटा, आवडलं तर पत्र टाका. अशाच कुणा वापरणाऱ्यानं दादा गेल्याचं ऐकून चाळीस वर्षं जपलेली प्रत वहिनीला पाठवली होती.

तिला अवजारं नको होती. दादा ओळीच्या शेवटी अर्धविराम देऊन टीप लिहायचा. हे असं का केलं, घरात काय चाललंय, सगळं.

"त्या टिपा तेवढ्या वाचून दाखवा, भावोजी," ती म्हणाली. "त्यांचा आवाज विसरायला लागलेय मी."

इथे माझी मान खाली गेली. टिपांची मूळ कॅसेट चाळीस वर्षांपूर्वी मीच पुसली होती. गंमत म्हणून तिच्यावर गाढवाचं ओरडणं भरलं, माझ्याच गळ्यातलं. दुसरी प्रत असेल असं वाटलं, नव्हती. मग कॅसेट फेकली आणि कपाटात ओल येऊन खराब झाली म्हणून सांगितलं. दादा दिवसभर जेवला नाही.

वहिनीच्या कॅसेटवर होते नुसते आकडे. आकडे करताना टिपा गळून जातात, यंत्र अर्धविरामापुढचं घेतच नाही. ते उलटं फिरवलं तर शब्द परत येतात, टीप कधीच येत नाही. दादानंच शिकवलं होतं. वहिनीला ठाऊक नव्हतं, आणि सांगायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, टिपांची कोरी जागा बघेल नि समजेल.

शटर अर्धं ओढलं, दादाचा तो जुना कॉम्प्युटर दुकानातल्या टीव्हीला जोडला. कॅसेट किरकिरली, तापलेल्या धुळीचा वास सुटला. एका अवजाराला दुसरं उलटं करायला लावलं. दहा ओळी आल्या, टिपांची जागा कोरी. अकरावीपुढे अर्धविराम उमटला. इंग्रजी अक्षरांत मराठी, दादाची जुनी खोड.

; हिला ताप. आज एवढंच.

वहिनीनं पडद्यावर हात ठेवला. पोरीसारखी हसली. मी कॅसेट बाहेर काढली... ओळी येतच राहिल्या.

; धाकट्यानं टेप पुसली. कळलंय मला. विचारू नये, रडेल.

ही प्रत त्यानं मी टेप पुसायच्या आधी वाटली होती, मग पुसल्याचं तिच्यात कुठून?

वहिनी माझ्याकडे वळली. मी सगळं सांगितलं.

"चाळीस वर्षं मी त्या कपाटाला शिव्या दिल्या," एवढंच म्हणाली, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.

तेवढ्यात शेवटची ओळ आली.

; आता लिहिणं पुरे. शुक्रवारी ही येतेच आहे.

मी प्लग उपटला. ती ग्लास घेऊन आली, तेव्हा पडदा काळा होता. मशीन तापलंय म्हटलं, उरलेलं पुढच्या महिन्यात बघू. तिनं मान डोलावली.

आज गुरुवार. मघाशी फोन करून तिला सांगितलं, उद्या घराबाहेर पडू नकोस, मीच येतो तुझ्याकडे दिवसभर. ती गुणगुणत होती, आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"उद्या नको, भावोजी," ती हळूच म्हणाली. "उद्याची वेळ ठरलीय."

कुणाशी, ते न विचारताच मी फोन ठेवला.