उलटी गाठ

टाकी बदलायची, काम एवढंच होतं. विहिरीचं पाणी मोटरने या लोखंडी प्रेशर टाकीत यायचं आणि हवेच्या दाबाने घरभर नळांना जायचं. टाकी पोटाशी गळायची. वडील होते तोवर सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ते ती गळती आवळून टाकत. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा यंत्रात गेलेला, त्यामुळे त्यांची गाठ नेहमी उलटी पडायची. रोज दिवेलागणीला टाकीवर बोटाने दोनदा वाजवून, कान लावून ते हवा तपासत. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

त्यांच्या धाकट्या मुलाने प्लंबर बोलावला आणि नेमके त्याच दिवशी त्याचे सासरे येऊन टेकले. मोटरच्या खोलीत वाकून बघत ते म्हणाले, "जावईबापू, ही टाकी आहे की हाडं मोडलेला पैलवान?"

प्लंबर खो-खो हसला. "ही मलमपट्टी केली कुणी हो?"

धाकट्याचे कान तापले. "होता असाच एक... कामाला यायचा. अडाणी माणूस."

बोलून गेला आणि वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पण शब्द परत गिळता येत नाही.

जुनी टाकी रिकामी करून अंगणात आडवी टाकली. नवी निळी टाकी बसली. मोटर घुमली, दाबाचा काटा चढला, थेंबभर पाणी कुठे नाही. दोघे चहाला आत गेले. धाकटा मागे राहिला, सांडलेलं पुसायला.

अंधारून येत होतं. खोलीत ओल्या रबराचा वास दाटला... जुनी टाकी तर केव्हाच बाहेर गेली होती.

अंगणातून आवाज आला. टक. टक.

तो दारापर्यंत गेला. रिकामी टाकी तशीच पडलेली. आसपास कुणी नाही. तो वळला आणि थिजलाच. नव्या टाकीच्या पोटातून, अगदी त्याच जागी, पाण्याची बारीक धार उडत होती. त्याने अंगठा दाबून धरला. पाणी बाजूने फुटलं, बाहीत शिरलं. हाक मारावी तर सासरेही येणार.

"बाबा..." तो पुटपुटला. "चुकलं माझं."

धार थांबेना. शेवटी तो प्लंबरला आणायला धावला.

परत आले तेव्हा धार थांबली होती. निळ्या पत्र्यावर काळी पट्टी घट्ट बसली होती. गाठ उलटी.

"हे कुणी बांधलं?" प्लंबरने विचारलं. सासरे दारातच उभे होते.

धाकट्याने मान खाली घातली. "बाबांनी. माझ्या बाबांनी. जुन्या टाकीलाही त्यांनीच बांधलं होतं."

"अहो, पण ते तर..." सासऱ्यांचा आवाज विरला.

प्लंबरने गाठीवर बोट ठेवलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं.

"ते इथंच आहेत का?" त्याने हळूच विचारलं. "गाठ अजून आवळतेय..."