नारिंगी वायरीची गाठ

व्हर्लिनकाका गोष्ट सांगायला लागला की आधी गळ वर ओढून घेतो. त्या रात्रीही घेतला. खाली गोठलेलं तळं, त्यावर आमची पत्र्याची खोपटी, आत गॅसची शेगडी, मधोमध मासे धरायला बर्फाला पाडलेलं भोक आणि भोकाभोवती आम्ही तिघं. काका, त्याची मुलगी ब्रिटा आणि मी. बाहेर नॉर्थ डकोटाचा वारा पत्र्याला नखं लावत होता.

ब्रिटानं त्याच दुपारी कंत्राटावर सही केली होती. तेरा आठवडे, अ‍ॅरिझोना, एजन्सीनं दिलेलं घर. मी नर्सिंगचं कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं आणि आता त्याच इस्पितळात फरशा पुसतो. तिचं अभिनंदन करताना माझं तोंड कसं झालं असेल, ते मला आरशाशिवाय कळत होतं.

"फिरती नर्स होणार म्हणजे," काका म्हणाला. "मग डेल्फीनचं ऐकून जा."

"बाबा, घाबरवू नका हं मला."

"घाबरवतोय कुठं? झालं ते सांगतो. अर्धं मार्लिसनं सांगितलेलं, अर्धं डोळ्यांनी बघितलेलं."

म्हाताऱ्यांच्या गोष्टी अशाच असतात. गोष्टीत सगळं गाव असतं, सांगणारा तेवढा दाराबाहेर टोपी हातात धरून उभा.

गोष्ट गेल्या वर्षीची. तेरा फेब्रुवारी, गुरुवारची रात्र. काका इस्पितळाच्या तळघरात बॉयलर सांभाळतो. वरून निरोप आला की सहा नंबरच्या खोलीतला रेडिएटर ठोके देतोय, जरा बघून जा. काकानं पाना उचलला, कॉफीचा शेवटचा घोट घेतला आणि जिना चढायला लागला. एवढंच काम होतं.

सहा नंबरमध्ये आर्डिस होती, मार्लिसची आई. खुबा मोडून आली ती घरी परत गेलीच नाही. आणि मार्लिस म्हणजे आमच्या इस्पितळाची रात्र, रात्रपाळीची सगळ्यात जुनी नर्स. माझा जन्म झाला तेव्हाही तीच पाळीवर होती. तिनं लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, आईला रोज हातानं भरवलं, आणि त्या बाईनं तिला एकदाही बरं म्हटलं नाही. आर्डिसला सगळं गाव 'फार कणखर' म्हणायचं. मी दुष्ट म्हणतो. म्हातारं माणूस दुष्ट असलं की आमच्याकडे त्याला कणखर म्हणायची पद्धत आहे.

डेल्फीन लुईझियानाहून आली नोव्हेंबरात. अंगात पातळ कोट, पायात कापडी बूट, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याला गुळाचा खडा लावलेला. आमच्या नर्सांनी तिचं स्वागत नेहमीसारखं केलं. चादरी कुठल्या कपाटात असतात ते कुणी सांगितलं नाही. जेवायच्या टेबलावर तिच्या वाटची खुर्ची नव्हती.

"त्याच कामाचे दुप्पट घेते ना? मग शोधू दे की चादरी," मार्लिस म्हणाली होती.

तात्पुरती नर्स आली की सगळ्यात अवघड पेशंट तिच्या गळ्यात बांधायचा, हे सगळीकडे चालतं. "ब्रिटा, तुझ्याबाबतीतही हेच होणार आहे," काका म्हणाला. मार्लिसला तर स्वतःच्या आईची नर्स व्हायची नियमानं बंदीच होती, आणि बाकीच्या आर्डिसला भ्यायच्या. म्हणून सगळ्यांनी मिळून, मार्लिसनं सगळ्यात आधी, सहा नंबर डेल्फीनला दिला. दोन दिवसांत रडत एजन्सीला फोन करेल असा हिशोब होता.

चौथ्या रात्री मार्लिस दारावरून चालली होती. आतून हसू आलं. तिला वाटलं, टीव्ही लागलाय. आत बघते तर आई हसत होती. डेल्फीन मागे बसून तिचे पांढरे केस विंचरत होती आणि दोन वेण्या घालून त्या मुकुटासारख्या डोक्याभोवती बांधत होती.

"आईला दात आहेत हे मला त्या रात्री कळलं," मार्लिस काकाला म्हणाली होती.

ती आत गेली. "आई, मी करू का?"

"तू नको. तू ओढतेस. हिला राहू दे."

एवढंच. पण मार्लिसनं त्यासाठी चाळीस वर्षं घालवली होती.

"मग खांबाचं सांगा ना," ब्रिटा म्हणाली. तिला थोडं ठाऊक होतं. थोडं गावातल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आमच्याकडे हिवाळ्यात गाडीच्या नाकातून वायर लोंबत असते. रात्री ती अंगणातल्या विजेच्या खांबाला लावायची, म्हणजे इंजिन कोमट राहतं. नाही लावली तर सकाळी गाडी मेली. इस्पितळाच्या दारालगतचा पहिला खांब कायम मार्लिसचा. कुठं लिहिलेलं नाही, पण पाद्रीसुद्धा तिथं गाडी लावत नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्य नर्सनं, तो खांब पाहुणीला, डेल्फीनला दिला. "बिचारी गरम मुलखातली आहे."

डेल्फीनला ती वायर कशाची हेही ठाऊक नव्हतं. काकानं तिला तळघरातली जाड नारिंगी वायर आणून दिली आणि जोड कसा द्यायचा ते शिकवलं. दोन वायरी एकमेकींत अडकवून आधी गाठ मारायची, मग प्लग खुपसायचा. मग कितीही वारा सुटू दे, ओढ बसली तर गाठीला बसते, प्लग निघत नाही.

"शाबास! आता तू इथलीच झालीस," काका तिला म्हणाला होता. मार्लिस तेव्हा दारातच सिगारेट ओढत उभी होती.

जानेवारीच्या शेवटी, पारा शून्याच्या खाली तीसवर असताना, डेल्फीन सकाळी पाळी संपवून निघाली. गाडी खोकत खोकत सुरू झाली. धान्याच्या कोठारांपलीकडे, जिथं एकही घर नाही, तिथं बंद पडली. फोनला रेंज नव्हती. इथला माणूस गाडीतच बसून राहिला असता. ती लांब दिसणाऱ्या एका दिव्याच्या दिशेनं चालायला लागली. त्या पातळ कोटात.

बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला ती दुपारी सापडली.

इस्पितळानं तिच्या शोकसभेला कॉफी आणि गोड वड्या ठेवल्या. एजन्सीनं फुलं पाठवली, आणि बदली नर्स हवी आहे का असंही विचारलं. काकानं ती नारिंगी वायर तिच्या सामानात गुंडाळून लुईझियानाला पाठवून दिली. ती त्याला खांबाखाली पडलेली मिळाली होती. गाठ सुटलेली.

"वाऱ्यानं सुटली असेल," काका म्हणाला.

"काका, वाऱ्यानं सुटत नाही असं तूच आत्ता म्हणालास," मी म्हणालो.

काकानं शेगडीची ज्योत लहान केली. उगाचच. मग पुन्हा मोठी केली.

डेल्फीन गेल्यावर आठवडाभरानं आर्डिसच्या केसांत वेण्या दिसल्या. मुकुटासारख्या. सकाळी. मार्लिसनं सगळ्यांना विचारलं, कुणी घातल्या? कुणी नाही. तिनं त्या सोडल्या, केस विंचरून सरळ केले. दुसऱ्या सकाळी पुन्हा वेण्या.

दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. मार्लिस जळली. मेलेल्या बाईवर. खरंच. तिनं रजा टाकली आणि रात्री आईच्या उशाशी खुर्ची घेऊन बसायला लागली, नर्स म्हणून नाही, मुलगी म्हणून. आईची आता जायची वेळ जवळ आली होती. डॉक्टरनं सांगितलं होतं. मार्लिसला एकच हवं होतं. जाताना आईनं आपल्याला नावानं हाक मारावी. एकदा.

तर तो गुरुवार. काका पाना घेऊन सहा नंबरमध्ये शिरला. मार्लिस आईचा डावा हात धरून बसली होती. तोंड विटेसारखं.

"ये. खिडकीखाली आहे बघ रेडिएटर."

काका गुडघ्यांवर बसला. रेडिएटरला हात लावला. गरम होता. ठोके रेडिएटरमधून येत नव्हते.

काचेवरून येत होते. हलके. बोटाच्या पेरानं वाजवावं तसे.

"फांदी असेल," काका म्हणाला.

"तिथं झाड नाही," मार्लिस म्हणाली.

आर्डिसनं डोळे उघडले. पण मार्लिसकडे नाही बघितलं. उजवीकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

"आलीस," आर्डिस म्हणाली. इतक्या मऊ आवाजात, की काका म्हणतो, त्यानं तो आवाज तिचा म्हणून ओळखलाच नाही. "थंडीतून आलीस गं... हात बघू. गार पडलेत."

"आई. मी इकडे आहे. मार्लिस."

"हं... हं... नको, आज नको विंचरूस. बस नुसती."

"आई, माझ्याकडे बघ."

आर्डिसनं मान वळवली. मार्लिसकडे बघितलं. बराच वेळ.

"तुझी पाळी संपली ना?" ती म्हणाली. "मग जा की घरी."

आणि पुन्हा उजवीकडे वळली. एक श्वास. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक...

मग नाहीच.

पेशंट गेला की नर्स खिडकी बोटभर उघडते. जीवाला वाट म्हणून. हे पुस्तकात नसतं, दोन वर्षं मीही शिकलोय, कुणी शिकवत नाही. पण उघडतात सगळ्या. उणे तीस असलं तरी. मार्लिसनं आयुष्यभर परक्यांसाठी उघडली होती.

काका खिडकीखालीच होता. त्यानं कडीला हात घातला.

"हात लावू नकोस."

"मार्लिस..."

"ती बाहेर उभी आहे. मला माहीत आहे. तिच्याबरोबर नाही जाऊ द्यायची मी."

"अगं, कोण बाहेर?"

मार्लिस उठली. कडी दोन्ही हातांनी दाबून धरली. काचेवर ठोका पडला. एक.

"माझी आई आहे," मार्लिस काचेला म्हणाली. "माझी. तुला सगळं मिळालं. पगार. खांब. माझी आई हसली तीही तुझ्यापुढं. मी वायर काढली, हो, काढली मी. गाडी चालू होणार नाही, चारचौघांत फजिती होईल, एवढंच... एवढंच म्हटलं होतं मी. तू चालत कशाला गेलीस?"

ठोके थांबले.



मग मार्लिसनं खाली बघितलं. दिव्याखाली पहिल्या खांबाशी तिची गाडी होती. डेल्फीन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं खांब परत घेतला होता. त्या रात्री मात्र आईकडे यायच्या घाईत ती वायर लावायची विसरली होती.

गाडीच्या नाकाशी कुणीतरी वाकलं होतं.

पातळ कोट.

मार्लिस किंचाळली नाही. तिनं कडी सोडली आणि धावली. काका मागे धावला. जिना. दार. थंडी तोंडावर आदळली.

कुणी नाही.

बर्फावर पाऊल नाही.

गाडीला वायर लावलेली. नारिंगी. जोडाला गाठ.

मार्लिस ती वायर बघत उभी राहिली. काका म्हणतो, ती रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. ती चिडली. दात आवळून, हळू आवाजात म्हणाली, "मेली, तरी तीच चांगली."

मग तिला आठवलं आणि तिनं वर बघितलं. सहा नंबरची खिडकी बोटभर उघडी होती. पडदा बाहेरच्या बाजूला ओढला जात होता.

भोकातलं पाणी पुन्हा गोठायला लागलं होतं. ब्रिटानं विचारलं, "मग तुम्ही शेरिफला सांगितलंत, बाबा?"

"कशाचं? खिडकीचं?"

"वायर काढल्याचं."

"मार्लिसनं गावासाठी किती केलंय, ते तुला..."

"तिकडे लुईझियानात डेल्फीनची आई असेल," ब्रिटा म्हणाली. "की फक्त मार्लिसलाच होती आई?"

या पिढीकडे उत्तरं नसतात, मासे मात्र असतात. काकानं गळ पुन्हा पाण्यात सोडला आणि गळाकडेच बघत म्हणाला, "मी माझ्यापरीनं केलं. मार्लिसला तो खांब मिळू नये म्हणून त्याची वीज मी दुसऱ्या दिवशी तळघरातून तोडून टाकली. अजून तोडलेलीच आहे. तिला सांगितलंय, पण ती ऐकत नाही, तिथंच गाडी लावते. तिची वायर काळी आहे. काळीच लावते रोज."

परतताना ब्रिटानं मला न विचारता गाडी इस्पितळाकडे वळवली. मार्लिस पाळीवर होती. पहिल्या खांबाशी तिची गाडी. संध्याकाळपासून बर्फ पडत होता आणि अंगणातल्या गाड्यांवर वीतभर थर होता.

आम्ही उतरलो.

काळी वायर खाली पडलेली, बर्फात अर्धी बुडालेली. नाकातून खांबापर्यंत नारिंगी वायर. जोडाला गाठ.

ब्रिटानं खांबावरची झडप उघडली, मोबाइलचा चार्जर त्यात खुपसून बघितला. मेलेला खांब. मग तिनं हातमोजा काढला आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. तिथं बर्फाचा एक कण नव्हता. तिनं माझा हात ओढून तिथंच ठेवला.

कोमट होतं.