न्हाणीच्या पाइपातला अकरावा फोटो

विट्याला एस.टी. स्टँडच्या मागं माझा स्टुडिओ होता. लग्नसराईत लग्नं आणि बारा महिने मयत, असा माझा धंदा. घरातलं माणूस गेलं की लोकांना एकदम आठवतं, याचा एकही फोटो नाही. मग जोतीरामला बोलवा. भिंतीला टेकवून बसवलेली, डोक्याला फेटा बांधलेली किती प्रेतं मी टिपली असतील, त्याची गणती नाही. कंटाळलो होतो, खरं सांगतो. म्हणून चौऱ्याहत्तर सालच्या फाल्गुनात कडेगावचे सुभेदार हंबीरराव दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मी काही न विचारता पिशवी भरायला घेतली.

“मयत न्हाई रं,” ते म्हणाले. “न्हाणी तुंबलीया.”

“आवं, मग गवंडी बोलवा की. मी काय करू?”

ते बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. सुभेदार पलटणीत सॅपर होते, म्हणजे पूल-रस्ते बांधायचं काम. पेन्शनीत आल्यावर जुनं घर पाडून नवं बांधलं, तेव्हा न्हाणीपासून परसातल्या शोषखड्ड्यापर्यंत तीस फूट पाइप त्यांनी स्वतः घातला, तोही नऊ इंची. एका न्हाणीला एवढा पाइप बघून गाव हसलं होतं. आता तोच तुंबला होता. लेक राही बाळंतपणाला यायची होती, दिवस भरत आले होते. बाळंतिणीच्या घरात न्हाणी बंद ठेवून कसं चालेल? आणि त्यांची बायको आक्काताई परसात कुदळ मारू देत नव्हती.

कारण परसात तिचं पहिलं पोर होतं. पंचवीस वर्षांपूर्वी जन्मलं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. तेवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. परसात पुरलं आणि वर एक चपटा दगड ठेवला. पुढं घर बांधताना, वाळू-विटांच्या गडबडीत तो दगड कोणी उचलला, कुठं टाकला, कुणालाच सांगता येईना.

“एक खड्डा घेऊ देती,” सुभेदार म्हणाले. “एकच. त्यो नेमका जागेवर पायजे. पलटणीत एका सायबाकडनं ऐकलं हुतं, पाइपात क्यामेरा सोडत्यात. तुझा डबा क्यामेरा मावंल बघ नऊ इंचात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कडेगावात पोचलो. सुभेदारांनी तयारी करून ठेवली होती. एक फळी, तिला दोऱ्याच्या रिकाम्या रिळांची चार चाकं. फळीवर कॅमेरा बांधला, शेजारी फ्लॅशचा बल्ब, आणि कॅमेऱ्याच्या खटक्याला सुतळी. ढकलायला लांब कळक, त्यावर दर दोन फुटांवर लाल दोऱ्याची खूण. वरून पाणी अडलेलं, त्यामुळं खालचा पाइप कोरडा होता. शोषखड्ड्याकडच्या तोंडातून गाडी आत सारायची, खुणेवर थांबायचं, सुतळी ओढायची. मग सगळं बाहेर काढून रीळ एक घर पुढं सरकवायचं, नवा बल्ब बसवायचा आणि परत आत. बारा फोटोंचं रीळ होतं, म्हणजे बारा वेळा पालथं पडणं आलं. तिसऱ्या खेपेलाच माझी पाठ भरून आली.

आक्काताई मागच्या पायरीवर बसून होती. हडकुळी, पांढरी झालेली बाई. दिवसभर ती तिथून उठली नाही.

“आत अंधार लय असंल न्हवं?” तिनं एकदा विचारलं.

मी म्हणालो, “अंधारच की, आक्का. पाइप हाय त्यो.”

मग मला उगाच तोडून बोलल्यासारखं वाटलं.

गटाराला नाक लावून बसायचं म्हणून मी तोंडाला पंचा बांधला होता. पण सातव्या-आठव्या खेपेपासून आतून वेगळाच वास यायला लागला. ओव्याचा, बाळंतशेपेचा, निखाऱ्यावर टाकलेल्या धुरीचा. माझ्या घरी चार बाळंतपणं झालीत, तो वास मी ओळखतो. त्या घरात तर वीस वर्षांत बाळंतीण नव्हती. मी सुभेदारांकडं पाहिलं. त्यांनाही वास आला होता, पण ते कळकाच्या खुणा मोजत राहिले.

अकराव्या खेपेला गाडी खुणेवर थांबली. मी सुतळी बोटाला गुंडाळत होतो, अजून ओढली नव्हती. तेवढ्यात ती आतून ताणली गेली, बोटाला काचली, आणि पाइपाच्या पोटात उजेड पडला.

“वडलीस?” सुभेदारांनी विचारलं.

“व्हय,” मी म्हणालो. खोटं का बोललो? दमलो होतो. एक फोटो उरला होता, तो काढायचा आणि घरी जायचं, एवढंच डोक्यात होतं.

रात्री रीळ धुतलं, प्रिंटा काढून दोरीवर वाळत घातल्या. सकाळी खिडकीजवळ टेबल ओढलं आणि सगळ्या वाळलेल्या प्रिंटा त्यावर घेऊन बसलो. भाळवणीचे एक म्हातारे, भाऊसो, परवा गेले होते आणि त्यांचा फोटो त्या दिवशी द्यायचा होता. आता हे तुम्हाला सांगायला हवं. मयताचा फोटो लोक तसाच भिंतीवर लावत नाहीत. डोळे मिटलेला बाप बघवत नाही कुणाला. म्हणून आम्ही बारीक ब्रशानं प्रिंटेवर डोळे उघडतो. पापणीवर पांढरा, त्यात काळं बुबुळ, बुबुळात उजेडाचा एक ठिपका. इतकी वर्षं केलं की हात आपोआप चालतो, मन दुसरीकडं असलं तरी.

भाऊसोंचे डोळे उघडले, प्रिंट बाजूला ठेवली, दुसरी ओढली. तिचेही डोळे उघडले. ब्रश पाण्यात बुडवला आणि मग नीट बघितलं.

ती पाइपातली अकरावी प्रिंट होती.

सांध्यातून झाडाच्या मुळ्या आत उतरल्या होत्या, केसांसारख्या बारीक, पाइपभर. पाणी त्यांनीच अडवलं होतं. आणि त्या मुळ्यांच्या मधोमध, मुठीएवढं... आता मी कसं सांगू? मुळ्यांमधली मोकळी जागाही असेल. पण माझ्या हाताला तिथं चेहरा दिसला होता, डोळे मिटलेला, आणि हातानं त्याचं काम केलं होतं. आता तो चेहरा माझ्याकडं बघत होता.

ओल्या कापसानं पुसायला घेतलं. रंग ओला होता, निघायला हवा होता. निघाला नाही. प्रिंट फाडून टाकावी म्हणून उचलली, तर दारात सुभेदार आणि मागं आक्काताई. पहिल्या गाडीनं आले होते. राहीचा सांगावा आला होता, ती दोन दिवसांत येतेय.

“कुठं हाय रं बोळा?”

“बावीस फुटांवर,” मी म्हणालो. “मुळ्या हायत्या.”

सुभेदारांनी प्रिंट हातात घेतली. “मुळ्याच की. बरं झालं. उद्याच खड्डा घेतो.”

आक्काताईनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. बराच वेळ बघत राहिली. तिचे ओठ हलायला लागले.

“तीन दिस हुता,” ती म्हणाली. “तीन दिसांत एकदाबी डोळं उघडलं न्हाईत त्यानं. मी लय हाका मारल्या... एकदाबी बघितलं न्हाई माझ्याकडं.”

“आवं आक्का, त्यो रंग हाय. माझ्या हातनं चुकून...”

तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. तिनं प्रिंट पदराखाली धरली, अगदी छातीशी. “खड्डा घ्यायचा न्हाई आता,” ती नवऱ्याला म्हणाली. सुभेदार माझ्याकडं बघत राहिले. मला तिथंच खरं काय ते ठासून सांगता आलं असतं. मी मान खाली घालून भाऊसोंच्या प्रिंटेला पुठ्ठा लावत बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

खड्डा घ्यावा लागलाच नाही. त्याच संध्याकाळी न्हाणी आपोआप मोकळी झाली, असा निरोप आला. राही आली, तिला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारशाचे फोटो काढायला सुभेदारांनी मला बोलावलं.

मी दुपारी पोचलो. ओटीवर शेजारपाजारच्या चार बायका गप्प बसलेल्या. बारसं असलेलं घर असं नसतं. आतल्या खोलीत पोर टाहो फोडत होतं. राही बाजेवर त्याला थोपटत होती, तिचे डोळे रडून सुजलेले.

“आईनं हात सुदिक लावला न्हाई हो पोरीला,” ती म्हणाली. “बारा दिस झालं. मीच पुसून घेती कशीबशी. तुमी तरी सांगा तिला, तुमचं ऐकंल.”

“हायती कुठं?”

राहीनं न्हाणीकडं बोट केलं.

दार अर्धं उघडं होतं. बंब पेटलेला, आत वाफ कोंडलेली. आक्काताई पाटावर बसली होती, पाय सरळ पुढं पसरून, पावलं जुळवून, तान्ह्याला न्हाऊ घालायला बसतात तशी. शेजारी वाटीत डाळीचं पीठ आणि हळद. पायांवर काहीच नव्हतं. ती एका हातानं तांब्या धरून पाणी ओतत होती आणि दुसरा हात कपाळावर आडवा धरावा तसा हवेत धरला होता.

“आक्का,” मी म्हणालो, “पोर रडतंय तिकडं... राहीचं पोर.”

तिनं वर बघितलं. इतकं सुखी तोंड मी त्या बाईचं कधी बघितलं नव्हतं.

“हळू बोला,” ती म्हणाली. “डोळं मिटतच न्हाई त्यो. पाणी जातंय डोळ्यांत...”

तिनं तांब्या परत कलंडवला. मी उंबऱ्यात उभा होतो, चार हातांवर, आणि बाहेर लख्ख ऊन होतं. पाणी तिच्या नडग्यांवर पोचलं नाही. वीतभर वरच ते दोन्ही बाजूंना फाकलं, कशावरून तरी ओघळलं आणि खळखळत पाइपात गेलं. मधली तिच्या लुगड्याची हातभर पट्टी कोरडी होती.