दुरून उठवलेलं मशीन

दर्शना त्या रविवारी मानपाड्याच्या घरी गेली ती अगदी साध्या कामासाठी. वडील, भगवान, गेल्यापासून ते घर बंदच होतं. आई जाईबाई आता माजिवड्याला, दर्शना आणि जावई प्रफुल्लकडे राहत होत्या. पण भगवाननी जन्मभर गायलेली भीमगीतं त्या घरातल्या जुन्या लिनक्स कॉम्प्युटरमध्ये होती, आणि ती ऐकल्याशिवाय जाईबाईंना घास गोड लागत नव्हता. कॉम्प्युटरच उचलून आणू म्हटलं, तर त्या ऐकेनात.

"त्यांची वस्तू त्यांच्या जागी असू दे गं."

मग दर्शनानं दुसरा मार्ग काढला. कॉम्प्युटर-नेटवर्क सांभाळणं हे तिचं रोजचं कामच. कॉम्प्युटर बंद असला तरी त्याचं नेटवर्क कार्ड जागं राहील अशी सेटिंग तिनं केली. राउटरशेजारी, नेटला जोडलेली एक लहानशी डबी कायम चालू ठेवली. माजिवड्याहून मोबाइलवर बोट टेकवलं की डबी कॉम्प्युटरला त्याच्या पत्त्यावर हाक मारणार आणि तो उठणार. गाणी ऐकून झाली की तिथूनच बंद करायचा. एकदा करून पाहिलं, जमलं. घराला कुलूप लावून ती निघाली.

पुढचे काही दिवस छान गेले. दिवेलागणीला जाईबाई सोफ्यावर डोळे मिटून बसायच्या आणि माजिवड्याच्या त्या घरात भगवानचा भरदार आवाज घुमायचा.

मग एका संध्याकाळी दर्शनानं मोबाइल उघडला, तर कॉम्प्युटर आधीच चालू होता.

"लाइट गेली असेल," प्रफुल्ल म्हणाला. "परत आली की काही मशीनं आपोआप सुरू होतात."

"ती सेटिंग मी बंद ठेवलीये रे."

"मग काल तूच बंद करायला विसरलीस."

ती विसरली नव्हती. डबीनं हाक मारलेली नव्हती, तेही तिनं तपासलं. मग उरत होतं एकच, कॉम्प्युटरचं बटण. ते दाबायला माणूस लागतो. आणि घराची एकुलती एक किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

तिनं कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू. मग तिनं नेटवर्कवरून उठायची सेटिंगच काढून टाकली, म्हणजे आता तिलाही तो इथून उठवता आला नसता. तिसऱ्या संध्याकाळी पाहिलं... चालूच.

प्रफुल्ल अजून ऑफिसातून आला नव्हता. घरात दोघीच. दर्शनाला सुचलं, कॉम्प्युटरला बाबांचा गाण्याचा माइक जोडलेलाच आहे. कोणी घरात शिरलं असेल तर ऐकू येईल. तिनं तो इथून सुरू केला.

आधी नुसती खरखर. मग शेजारच्या कुकरची शिट्टी, कबुतराची फडफड. आणि मग, अगदी माइकजवळ, कुणीतरी घसा खाकरला.

"हे रेकॉर्डिंग आहे ना गं?" जाईबाईंनी विचारलं.

"नाही, आई... हे आत्ताचं आहे."

पलीकडे गाणं सुरू झालं. आवाज भगवानचाच. जाईबाईंचा चेहरा उजळला, पदर डोळ्यांकडे गेला. पण एक कडवं संपलं, दुसरं संपलं, तिसरं सुरू झालं, तसा त्यांचा हात हळूहळू खाली आला.

"दर्शना... हे श्वासच घेत नाहीत गं."

खरंच. पुढच्या ओळीला मागची ओळ चिकटलेली. मध्ये कुठे दम नाही, थांबा नाही. बाबा तर प्रत्येक कडव्याआधी चांगला छातीभर श्वास ओढायचे.

"हे ते नाहीत," जाईबाई पुटपुटल्या.

गाणं अर्ध्या ओळीवर तुटलं. इथला माइक बंद होता, यांचं बोलणं तिकडे जायचा काही मार्गच नव्हता. तरी पलीकडे कुणीतरी कान देऊन ऐकत असावं, तशी शांतता पसरली. मग अगदी मऊ, लाडाच्या स्वरात...

"जाई..."

चाळीस वर्षांची सवय. जाईबाईंचे ओठ उघडले, 'ओ' गळ्यापर्यंत आला, आणि दर्शनानं झडप घालून त्यांच्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हातानं तिनं मोबाइलवरून कॉम्प्युटर बंद केला. दोघी तशाच एकमेकींना धरून बसून राहिल्या, प्रफुल्ल येऊन बेल वाजवेपर्यंत. बेल वाजली तरी पटकन उठवेना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिघं मानपाड्याला गेले. कुलूप जसंच्या तसं. लादीवर धुळीचा पातळ थर, त्यावर पावलाची एक खूण नाही. कॉम्प्युटर बंद, हात लावला तर गार. जाईबाई उंबऱ्यातच थांबल्या, आत पाऊल टाकायला तयार होईनात.

"बघा, काही नाहीये," प्रफुल्ल मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. त्यानं प्लग ओढला, वायर गुंडाळली आणि माइक उचलून पिशवीत टाकायला घेतला. तेवढ्यात त्यानं हात झटकन मागे घेतला आणि बोटं शर्टाला पुसू लागला.

"काय झालं?" दर्शनानं विचारलं.

त्यानं नुसतं माइककडे बोट केलं. तिनं वाकून माइकच्या काळ्या स्पंजला बोट लावलं.

स्पंज ओला होता. आणि कोमट.