तीनशे सत्तावीस विरुद्ध तीनशे चाळीस

पाऊस आला आणि गाड्यांच्या शर्यती थांबल्या. ओल्या धावपट्टीवर गाडी सोडायला मिशिगनमध्ये कुणी वेडं नव्हतं. सगळे आपापल्या गाड्यांत जाऊन बसले. कोरिन मात्र पट्टीच्या टोकाशी असलेल्या टपरीतच राहिली. पाव मैल पळून आलेल्या प्रत्येकाच्या हातात वेळेची छापील चिठ्ठी द्यायची, हे तिचं रविवार दुपारचं काम.

खिडकीवर टकटक झाली. बाहेर एक उंच तरुण... केसांतून पाणी निथळतंय, मुठीत सकाळची चिठ्ठी.

“बाईसाहेब, यात काहीतरी चूक आहे. माझी नोव्हा त्या पिवळ्या डस्टर गाडीच्या मागे? माझ्या गाडीत शेव्ही कंपनीचं तीनशे सत्तावीस घनइंचांचं इंजिन आहे!”

“आणि डस्टरमध्ये तीनशे चाळीस आहे.”

“असेल. पण चालवणारा कुणीतरी म्हातारा होता. नशिबानं जिंकला.”

“म्हातारा नव्हता,” कोरिन म्हणाली. “मी होते.”

तो गडबडला, आणि मग असा हसला की तिला चिठ्ठीकडे बघावं लागलं. एमरी त्याचं नाव.

त्यानंतर उन्हाळाभर दर रविवारी तेच भांडण.

“तुझं इंजिन सुरुवातीलाच सगळा जोर संपवतं,” तो म्हणायचा.

“आणि तुझं वर चढून किंचाळतं. तोवर मी पोचून केस विंचरलेले असतात!”

चिठ्ठी घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळायची. ती खोटं खोटं रागवायची— “मागे रांग आहे, साहेब.”

जुलैपासून एमरी हरायला लागला. डस्टरकडूनच नव्हे, सगळ्यांकडून. त्यानं कार्ब्युरेटर खोलला, प्लग बदलले, पुन्हा सगळं जुळवलं. तरी हरला. आता तो चिठ्ठी न बघताच खिशात कोंबायचा.

कोरिन बघायची. चिठ्ठीवर गाडीची वेळ असते. ती चाकं हलल्यापासून मोजतात. तिच्या वर आणखी एक आकडा असतो— हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा. गाडीची वेळ उलट सुधारत होती. पण वरचा आकडा, मे महिन्यात अर्ध्या सेकंदाच्या आसपास असणारा, ऑगस्टमध्ये एक सेकंदाला टेकला होता.

तो बॉनेटखाली वाकलेला असताना ती जवळ गेली.

“एमरी... इंजिन ठीक आहे.”

पाना फिरवत तो म्हणाला, “माहितीये.”

“मग हे सगळं कशाला?”

“इंजिन उघडून बघता येतं ना.”

मग त्यानं सांगितलं. त्याच्या वडिलांचा आधी क्लचवरचा पाय चुकायला लागला होता. मग हात, मग बोलणं. शेवटी त्यांना आईसुद्धा ओळखू येईना. अकरा वर्षं लागली सगळ्याला. तो आजार मुलाला होईल की नाही, हे निम्मं निम्मं असतं. जूनमध्ये त्यानं रक्त तपासून घेतलं होतं.

“कागद आला. मलाही आहे.”

“औषध...”

“नाही.” त्यानं हात पुसले. “तू मला आवडतेस, कोरिन. पहिल्या दिवसापासून. म्हणूनच सांगतो, सप्टेंबरनंतर मी येणार नाही. मला शोधू नकोस.”

मोसमाच्या शेवटच्या रविवारी तो आला, तो नोव्हाची किल्ली पुढे करतच. “दोन्ही गाड्या तू चालव. चालवणारं माणूस एकच असलं, तरच इंजिनांचा खरा निवाडा.”

तिनं दोन्ही गाड्या तीन-तीनदा पळवल्या. आपली डस्टर पळवताना पाय थोडा सैल सोडावा, असं दर खेपेला मनात आलं, सोडला नाही. डस्टरची सगळ्यांत चांगली वेळ आली तेरा पॉइंट ब्याऐंशी सेकंद. नोव्हाची तेरा पॉइंट एकोणऐंशी.

एमरीनं चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या.

“जिंकलो,” तो म्हणाला. हसायला गेला आणि मधेच थांबला.

मग किल्ली घेऊन तो नोव्हात बसला. ती दाराशी उभी राहिली. किल्ली खाचेत जाईना. पत्र्यावर खर्र आवाज झाला. पुन्हा एकदा. कोरिननं हात पुढे केला. त्यानं मान हलवली— नको. तिसऱ्या खेपेला किल्ली पायाशी पडली. त्यानं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

“मला भीती वाटते गं.”

“मलाही,” ती म्हणाली.

तो पलीकडच्या सीटवर सरकला. ती आत बसली, वाकून किल्ली उचलली, गाडी सुरू केली.

“कुठे जायचं?”

“माहीत नाही.”

सीटवर पडलेला त्याचा हात आपोआप झटके देत होता. तिनं त्यावर आपला हात ठेवला. तिच्या तळव्याखाली तो हलतच राहिला... तिनं हात काढला नाही.